अन्, फॉर, च्यु, नेट, ली

शाळेच्या मागच्या नळावर एक बाई डबा घासत उभ्या होत्या. डोळे मिटलेले, ओठ हलत होते. मी त्या शाळेत अगदी नवीन होते आणि काशीतही नवीनच. मला वाटलं, स्तोत्र चाललंय. काशीत त्याचं काही विशेष नाही, इथे भाजीवालासुद्धा पिशवीत दुधी टाकताना काहीतरी पुटपुटत असतो. मी माझी बाटली भरायला पुढे झाले, तेव्हा शब्द नीट कानावर आले.

"अन्-फॉर, फॉर-अन्, अन्-फॉर-च्यु, च्यु-फॉर-अन्, अन्-फॉर-च्यु."

मग श्वास घेऊन पुढे, "फॉर-च्यु, च्यु-फॉर, फॉर-च्यु-नेट, नेट-च्यु-फॉर, फॉर-च्यु-नेट."

बाटली भरून पाणी माझ्या चपलांवर सांडायला लागलं तरी मी ऐकतच होते. त्या मराठी आहेत एवढं मला ऑफिसातल्या क्लार्कने सांगितलं होतं, म्हणून मी मराठीतच विचारलं, "हे कुठलं स्तोत्र हो?"

त्यांनी डोळे उघडले. "स्तोत्र कसलं, अगं! क्रियाविशेषण आहे. इंग्रजीतलं." आणि डबा झटकून चालू लागल्या.

नवऱ्याची रेल्वेत बदली झाली म्हणून मी मिरजेहून काशीला आले होते आणि गणित शिकवायला या मुलींच्या शाळेत लागले होते. गणितवाल्या माणसाला एखादी गोष्ट सुटली नाही की अंगाला खाज सुटते. त्या दिवशी नववीच्या वर्गात मी फळ्यावर समीकरण अर्धवट सोडून खिडकीबाहेर बघत उभी राहिले आणि मुली खिदळल्या.

मुली त्यांना ‘ली मैडम’ म्हणत. शिक्षक मंडळींनीही तेच उचललं होतं. इंग्रजी शिकवायच्या, पण त्यांचा जीव व्याकरणात, व्याकरणातही क्रियाविशेषणांत, आणि त्यातल्या त्यात शेवटी ‘ली’ असलेल्या लांबलचक क्रियाविशेषणांत. "नाम, क्रियापद ही कामाची माणसं," त्या म्हणायच्या. "ही ली-वाली मंडळी म्हणजे लग्नातल्या आत्या. यायचं सगळ्यात शेवटी, पण त्या आल्या की कळतं घरातलं वातावरण काय आहे ते."

उंच, सडपातळ बाई. सुती साडी, आणि तिच्याखाली पांढरे धावायचे बूट, कारण रामघाटाच्या गल्ल्यांतल्या फरश्या बारा महिने निसरड्या. लग्न केलेलं नव्हतं. हातात कायम छत्री, ऊन असो नसो. वर्गात त्या छत्रीचाच उपयोग फळ्यावर दाखवायला व्हायचा. मी एकदा मोकळ्या तासाला त्यांच्या वर्गात मागच्या बाकावर जाऊन बसले. त्यांनी हरकत घेतली नाही, फक्त म्हणाल्या, "बसायचं तर टाळी वाजवावी लागेल."

फळ्यावर एकच शब्द होता, अनफॉर्च्युनेटली. त्याच्या वर लाल खडूने पाच कमानी. प्रत्येक कमानीला एक टाळी. अन्, फॉर, च्यु, नेट, ली. ‘फॉर’ आला की टाळी नाही, उजवा हात वर. "ज़ोर यहाँ है, हाथ ऊपर!" पन्नास मुलींचे हात एकदम वर जात आणि ‘च्यु’ला खाली येत. मी मनात म्हटलं, ही काय कवायत आहे का?

मग त्यांनी पांढऱ्या खडूने शब्दाच्या खाली रेघा मारल्या. यावेळी तुकडे वेगळे पडले. अन् म्हणजे नाही. फॉर्च्युन म्हणजे दैव. एट म्हणजे ते ज्याच्यापाशी आहे तो. ली म्हणजे तशा रीतीने.

पहिल्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. "मैडम, ऊपर ‘नेट’ है, नीचे ‘एट’ है. ‘न’ किसका है?"

लीमॅडम इतक्या खूश झाल्या की छत्री खालीच ठेवली. "‘न’ फॉर्च्युन का है, बेटा. लेकिन बोलते समय पड़ोसी के घर चला जाता है."

तास संपल्यावर त्या मला जिन्यात म्हणाल्या, "आपलंही तेच आहे बघ. दैव म्हटलं की ‘व’ दैवाचा. दुर्दैवाने म्हण बरं हळू. दुर्, दै, वा, ने. गेला की नाही ‘व’ शेजारी? तोंड एके ठिकाणी कापतं, अर्थ दुसऱ्या ठिकाणी. दैव काही एका तुकड्यात राहत नाही, इंग्रजीत नाही अन् मराठीतही नाही."

मी जिन्यातच पुटपुटून बघितलं. खरंच ‘व’ शेजारी गेला होता. इतकी वर्षं मी हा शब्द वापरत होते आणि मला हे दिसलं नव्हतं, याचा मला थोडा रागही आला.

पण त्यांचा राग यायची कारणं आणखीही होती. त्या दिसेल त्या माणसाची दिसेल ती चूक दुरुस्त करायच्या. मुख्याध्यापिकेची नोटीस असो, लग्नाची पत्रिका असो, औषधाच्या दुकानावरची पाटी असो. दुर्गाघाटाकडे जाताना परदेशी पाहुण्यांसाठी एक छोटं कॅफे होतं. त्याच्या पाटीवर इंग्रजीत लिहिलं होतं, ‘फास्टली सर्विस’. येता-जाता त्या तिथे थांबायच्या.

"भैया, फास्ट को ली नहीं लगती."

"अरे मैडम, लगा रहने दीजिए ना, आपका क्या जाता है?"

"ली हर किसी को नहीं लगती, भैया. सोच-समझ के लगाते हैं."

तो बिचारा हात जोडायचा आणि पाटी तशीच राहायची. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. आणि मी तरी कुठे सुटले होते! मला ऱ्हस्वदीर्घाचं पहिल्यापासून वावडं. बीजगणितात एक चिन्ह चुकणार नाही, पण वेलांटी कुठली द्यायची तिथे हात थबकतो. मी त्यांना मोबाइलवर मराठीत काही पाठवलं की उत्तराआधी दुरुस्ती यायची. ‘उद्या सुट्टि आहे का’ असं विचारलं तर उत्तर, ‘सुट्टी. टी दीर्घ. आहे.’ एकदा मी चिडून म्हणाले, "ताई, तुम्हाला कळलं ना मला काय म्हणायचंय? मग झालं की." त्यावर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी त्यांना दिलेलं काहीतरी परत मागितलंय.

एवढी चुकांची आवड कशासाठी, याचं उत्तर मला त्यांच्या घरी सापडलं.

रामघाटावर एका अरुंद गल्लीत त्यांच्या दोन मजली घराच्या खालच्या पुढच्या खोलीत वडिलांची पाठशाळा होती. आप्पा. गल्ली त्यांना गुरुजी म्हणायची. घराण्यात वेद पिढ्यान्‌पिढ्या, महाराष्ट्रातून कधी आले ते त्यांनाही सांगता यायचं नाही. मी पहिल्यांदा गेले तेव्हा आतून सात-आठ मुलांचे आवाज येत होते आणि लीमॅडमनी मला बाजूच्या दाराने स्वयंपाकघरात नेलं. मधल्या दाराशी त्या जरा थांबल्या, कान दिला, मग चहा टाकला.

"ऐकलंस? ते जोडीने म्हणतायत, मग उलटं, मग तिसरा शब्द घेऊन. याला घन म्हणतात. शब्द सुटा करायचा, पुढच्याशी बांधायचा, उलटा बांधायचा, पुन्हा सुलटा. म्हणजे हजार वर्षं गेली तरी एक मात्रा इकडची तिकडे होत नाही."

मी ऐकलं. शब्द कळत नव्हते, पण चाल ओळखीची होती. नळावरची!

"म्हणजे तुमचं ते अन्-फॉर..."

त्या हसल्या. लहानपणी हेच दार, इथेच बसून त्या तांदूळ निवडायच्या. आत थोरला भाऊ बसायचा. मुलींना आत घ्यायची पद्धत नव्हती, कुणी तसं बोललंही नाही, विचारायचं कुणाच्या मनातही आलं नाही. भाऊ चुकायचा, आप्पा लाकडी पाटावर बोटाच्या पेराने टक् करायचे आणि म्हणायचे, "चुकलं." की भावाने पहिल्यापासून सुरू करायचं. भावाला त्या टक्‌ची इतकी धास्ती बसली की बारावी झाल्यावर तो जो बंगळुरूला गेला तो सणाला यायलासुद्धा टाळाटाळ करतो. आणि दाराबाहेर बसलेल्या हिला सगळं पाठ होत होतं.

"मग तुम्ही वेदच का म्हणत नाही? आता कोण अडवतंय?"

"चोरून ऐकलं ते ऐकलं," त्या म्हणाल्या. "चोरून म्हणणार नाही. साचा घेतला फक्त. आत काय ओतायचं ते माझं मी ठरवलं." कॉलेजात इंग्रजीचे लांब शब्द पाठ होईनात, तेव्हा हा साचा कामी आला आणि मग सुटलाच नाही.

त्या दिवशी चहा पिता पिता त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. आप्पांचा एक नियम होता. चुकलं म्हणायचं ते फक्त आपल्या विद्यार्थ्याला. बाहेर कुठे यज्ञाला गेले, शेजारचा पंडित भर सभेत चुकला, तरी आप्पा मान खाली घालून गप्प. कुणी नंतर विचारलं तर म्हणायचे, "तो माझा कोण लागतो? त्याची चूक काढायचा मला काय अधिकार?"

"आणि मला," लीमॅडम कपाकडे बघत म्हणाल्या, "आप्पा आजवर एकदाही चुकलं म्हणालेले नाहीत. पोळी करपली तरी नाही. मी परीक्षेत नापास झाले तेव्हाही नाही. एकदा मी मुद्दाम आमटीत मीठच घातलं नाही. शांतपणे जेवले, हात धुतले, गेले. मी दाराशी उभी. आता येतील, मग येतील."

"ते चांगलंच की," मी म्हणाले. "माझे वडील तर मीठ जरा कमी झालं तरी घर डोक्यावर घ्यायचे."

"तू नशीबवान," त्या म्हणाल्या. त्यात टोमणा नव्हता. "मी स्वयंपाकघरात मोठ्याने म्हणते. अन्-फॉर, फॉर-अन्. त्यांना भिंतीपलीकडे ऐकू जातं, जायलाच हवं. चाल तर त्यांचीच आहे. एकदा तरी यावं आणि म्हणावं, काय चाललंय हे, चूक आहे सगळं. बस. मला आणखी काही नको त्यांच्याकडून."

त्यानंतरच्या हिवाळ्यात आप्पा घाटाच्या पायऱ्यांवर घसरून पडले. मांडीचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, घरी आणलं, पण ते काही उठले नाहीत. मुलं दुर्गाघाटावरच्या दुसऱ्या गुरुजींकडे जायला लागली. पुढच्या खोलीत पाटांच्या जागी लाकडी पलंग आला आणि त्या घरात पहिल्यांदा शांतता झाली. लीमॅडम शाळेत यायच्या, शिकवायच्या, पण नळावर गप्प असायच्या. हाडाचं दुखणं एकवेळ बरं होईल, त्या म्हणाल्या, पण आप्पा बोलायचेच थांबलेत. दिवसदिवस भिंतीकडे तोंड करून पडतात.

एका रविवारी मी थालीपीठं घेऊन गेले. गल्लीतले डॉक्टर नुकतेच निघत होते. दारातच ते म्हणाले, "इनसे बातें करते रहिए, मैडम. चुप रहेंगे तो उतरते जाएँगे."

डॉक्टर गेल्यावर लीमॅडम मधल्या दाराच्या उंबऱ्यावर बसल्या. पलंगाशेजारी खुर्ची होती, ती त्यांनी मला दिली. त्या खोलीत त्या कधी बसायच्याच नाहीत, मी अनेकदा पाहिलं होतं. जेवण द्यायचं, औषध द्यायचं आणि उंबऱ्यावर येऊन बसायचं.

"काय बोलू सांग," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "आमचं बोलणं म्हणजे पान वाढलंय आणि पाणी तापलंय. इतक्या वर्षांत तिसरं वाक्य नाही झालं आमच्यात."

मला एकदम सुचलं ते मी बोलून गेले. "नळावरचं म्हणा की."

"वेडी झालीस का? त्यांच्यासमोर?"

"भिंतीआडून चालायचं, मग समोर काय झालं?"

त्या बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या. मग डोळे मिटले. पहिल्यांदा आवाज इतका बारीक होता की मलाच ऐकू येईना. अन्-फॉर, फॉर-अन्. मग हळूहळू चाल धरली गेली आणि आवाज खोलीभर झाला. अन्-फॉर-च्यु, च्यु-फॉर-अन्, अन्-फॉर-च्यु.

पांघरुणावरचा आप्पांचा हात हलला. मी खुर्चीतून वाकून पाहिलं. हात थोडा वर जात होता, थोडा खाली येत होता, लेकीच्या आवाजाबरोबर. तोंड अजून भिंतीकडेच. लीमॅडमचे डोळे मिटलेले, त्यांना हे दिसत नव्हतं. मला ओरडून सांगावंसं वाटलं आणि मी तोंडावर हात धरला. फॉर-च्यु, च्यु-फॉर, फॉर-च्यु-नेट...

टक्.

पलंगाच्या लाकडावर बोटाच्या पेराचा आवाज. "चुकलं."

लीमॅडमनी डोळे उघडले नाहीत. भावाने जे करायचं तेच त्यांनी केलं. थांबल्या आणि पहिल्यापासून सुरू केलं. अन्-फॉर, फॉर-अन्. पुन्हा त्याच जागी टक्. "चुकलं."

"काय चुकलं, आप्पा?" हा आवाज मी कधी ऐकला नव्हता. पन्नाशीच्या बाईचा नव्हताच तो.

आप्पांनी मान वळवली. "‘च्यु’ म्हणजे काय?"

"काही नाही."

"आणि ‘नेट’?"

"त्याचाही इथे काही अर्थ नाही."

"मग ही पदं केली कुणी?"

"मीच."

"असं तोडतात का पद? ज्याला अर्थ नाही ते पद कसलं? पद अर्थावर तोडायचं, मग बांधायचं. हे तू नुसता आवाज तोडलास." आप्पांना धाप लागली, पण ते थांबले नाहीत. "चाल बरोबर आहे. पाया चुकलाय. कुणी शिकवलं हे?"

"कुणी नाही, आप्पा. मला दाराबाहेर नुसता आवाजच ऐकू यायचा."

फळ्यावर पांढऱ्या रेघा मारून अर्थाचे तुकडे पाडणाऱ्या बाईला हे ठाऊक नव्हतं असं नाही. पण घन म्हणायला लागल्या की त्या पुन्हा दाराबाहेरची ती मुलगी व्हायच्या, आणि तिथे लाल कमानीच खऱ्या होत्या. आत मुलांना पद म्हणजे काय ते समजावलं जायचं. ते समजावणं भिंतीतून येत नव्हतं.

आप्पा छताकडे बघत राहिले. मला वाटलं, संपलं, आता पुन्हा भिंतीकडे वळतील. बाहेरून नावाड्यांची हाकाहाक ऐकू येत होती.

"उंबऱ्यावर काय बसलीस?" आप्पा म्हणाले. "पुढे ये. समोर बस."

मी खुर्ची सोडून कोपऱ्यात जाऊन उभी राहिले. पण त्या खुर्चीवर बसल्याच नाहीत. पलंगासमोर खाली मांडी घालून बसल्या, मुलं बसायची तशा.

"हं, आता सांग. अर्थाने तोड."

"अन् म्हणजे नाही. फॉर्च्युन म्हणजे दैव. एट म्हणजे ते असलेला. ली म्हणजे तशा रीतीने. एट लागला की फॉर्च्युनच्या शेवटची ई जाते."

"जाते म्हणजे? लोप होतो?"

"हो. लोप."

"मग भाषा बरी दिसते," आप्पा म्हणाले, आणि मला त्या कोपऱ्यात हसूही आलं आणि रडूही. "म्हण."

अन्-फॉर्च्युन, फॉर्च्युन-अन्, अन्-फॉर्च्युन-एट, एट-फॉर्च्युन-अन्, अन्-फॉर्च्युन-एट. त्या रडत होत्या आणि म्हणत होत्या. आप्पांनी रडण्याकडे बिलकुल लक्ष दिलं नाही. हुंदक्याने ‘एट’ आखूड झाला तिथे मात्र पुन्हा टक् केलं. त्या पुन्हा पहिल्यापासून.

निघताना त्या मला गल्लीच्या तोंडापर्यंत सोडायला आल्या. मी मात्र धुमसत होते, आणि माझ्या पोटात राहत नाही. "जन्मभर दाराबाहेर ठेवलं तुम्हाला, आणि एका टक्‌वर तुम्ही खूश? आता तरी वेद शिकवायला सांगा त्यांना."

"तू गणिताची," त्या म्हणाल्या. "तुला दोन्ही बाजू सारख्या करायच्या असतात. माझ्या बरोबर नाही झाल्या, आणि होणारही नाहीत, मला काय कळत नाही? पण आज मी त्यांची विद्यार्थिनी म्हणून चुकले. बाहेरची बाई नाही चुकली." आणि डोळे पुसून हसायला लागल्या. "जा आता, अंधार पडायच्या आत."

मला ते तेव्हा पटलं नाही आणि आजही पूर्ण पटत नाही. पण त्यांचा चेहरा मी पाहिला होता, त्यामुळे वाद घातला नाही.

त्यानंतर रोज संध्याकाळी आप्पा एक शब्द मागायला लागले. ‘अनविलिंगली’ त्यांना फार आवडला, कारण तो एकही अक्षर न गळता, कुठेही न दुखावता सुटतो. उठून बसायला लागले, भात मागून घ्यायला लागले. वेद आप्पांनी शिकवला नाही, लेकीने मागितला नाही. नळावर लीमॅडम पुन्हा पुटपुटायला लागल्या आणि त्यात आता ‘च्यु’ नव्हता.

आणखी एक बदल झाला. एकदा आम्ही दुर्गाघाटाकडून येत होतो. ‘फास्टली सर्विस’ची पाटी तशीच होती. कॅफेवाल्याने त्यांना पाहून आधीच हात जोडले. पण त्या हसून पुढे गेल्या.

"अहो, पाटी?" मी म्हणाले.

"राहू दे. तो माझा कोण लागतो?"

मी हसले, पण पुढे मला ते महागात पडलं. नवऱ्याची पुन्हा मिरजेला बदली झाली आणि आम्ही काशी सोडली. आमचे मेसेज चालू राहिले. त्यांची उत्तरं प्रेमळ असायची, खुशाली विचारायच्या, आप्पांनी आज कुठला शब्द मागितला ते सांगायच्या. पण दुरुस्ती एकही नाही. पहिल्यांदा मला बरं वाटलं. मग चुकल्याचुकल्यासारखं व्हायला लागलं. मग एक दिवस मी मुद्दाम ‘आर्शिवाद’ असं लिहून पाठवलं. कुणीही दचकावं इतकं चुकीचं. त्यांच्याकडून फक्त जोडलेले हात आले. मी फोन हातात धरून स्वयंपाकघरात उभी राहिले आणि मला ती बिनमिठाची आमटी आठवली.

गेल्या महिन्यात शाळेच्या ग्रुपवर मुख्याध्यापिकांचा मेसेज आला. लीमॅडमचे वडील गेले. मेसेज इंग्रजीत होता, सुरुवात ‘अनफॉर्च्युनेटली’ने, आणि त्यातली ‘एट’ची ई गाळलेली. नेमका हाच शब्द! मी फोन खाली ठेवलाच नाही. आता लीमॅडम लिहितील, ई राहिली. खाली एकामागून एक जोडलेले हात येत गेले. मग त्यांचं उत्तर आलं. ‘धन्यवाद.’ एवढंच.

मी त्यांना वेगळं लिहायला घेतलं. पुष्कळ वेळ लागला. प्रत्येक शब्द तपासला, कारण अशा वेळी तरी धड लिहावं असं मनापासून वाटत होतं. ‘ताई, तुमचे वडिल गेल्याचं कळलं. त्या रविवारी मी त्या खोलीत होते हे माझं भाग्य. काय लिहू कळत नाही.’ पाठवलं. त्यांनी वाचल्याच्या खुणा लगेच उमटल्या. उत्तर नाही. दुपार झाली, कूकर लावला, उतरवला, उत्तर नाही.

जेवणं होऊन मी ताटं उचलत होते तेव्हा फोन वाजला.

‘वडील. ली दीर्घ.’

ताटं तशीच ठेवून मी खाली बसले. डोळ्यांसमोरची अक्षरं नीट होईपर्यंत थांबले. मग सगळा मेसेज पहिल्यापासून पुन्हा लिहिला आणि पाठवला.